कोणी चालवूनच पाहिलेले नाही, त्याला ‘चालते’ म्हणावे का? मुक्त फर्मवेअरमधून जुने बोर्ड वगळण्याविषयी

#१ खांडेपारकाठ (फोंडा)

सर्वांना नमस्कार.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वीच्या पहिल्याच गडगडाटात, आमच्या गावच्या वाचनालयातला राउटर गेला. घरच्या फडताळात त्याहून जुना एक राउटर पडून होता आणि एका मुक्तस्रोत फर्मवेअर (यंत्राच्या आतच बसवलेले, ते चालवणारे सॉफ्टवेअर) प्रकल्पाच्या यादीत त्याच्या नावासमोर तो चालतो अशी स्वच्छ नोंद होती. मी विश्वासाने नवी इमेज, म्हणजे फर्मवेअरची तयार फाइल, उतरवून चढवली, आणि राउटरचा दिवा जो एकदा स्थिर झाला तो पुन्हा लुकलुकला नाही. यंत्र सुरू होतानाचे संदेश दाखवणारी सिरियल केबल जोडली तेव्हा कळले की कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू होतो, पण फर्मवेअर साठवलेल्या फ्लॅश चिपवरचे विभाग भलत्याच जागी शोधतो आणि मूळ फाइल सिस्टिम न सापडल्यामुळे तिथेच थांबतो. बूटलोडर, म्हणजे सर्वात आधी सुरू होणारा छोटा प्रोग्राम, शाबूत होता म्हणून जुनी इमेज परत चढवता आली.

नंतर बदलांचा इतिहास चाळला. फ्लॅशची मांडणी वाचण्याची रीत काही वर्षांपूर्वी सगळ्या बोर्डांसाठी (म्हणजे यंत्रांच्या आतल्या सर्किट बोर्डांसाठी) एकदम बदलण्यात आली होती. बदल करणाऱ्याने आमच्या बोर्डाची फाइलही नियमानुसार दुरुस्त केली होती, ती बिनतक्रार कम्पाइल होत होती (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होत होते), आणि त्या दिवसापासून माझ्या फडताळापर्यंत कोणीही तो बोर्ड नव्या फर्मवेअरवर सुरू करून पाहिल्याची एकही खूण मला सापडली नाही. त्या माणसाला मी दोष देत नाही, कारण त्याच्याकडे तो बोर्डच नव्हता. दोष असेल तर तो यादीतल्या त्या एका शब्दाचा आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे, की मी ज्या छोट्या प्रकल्पात पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेले कोडमधले बदल, तपासण्याचे काम करतो तिथे आता प्रस्ताव आला आहे: सलग दोन आवृत्त्यांमध्ये ज्या बोर्डाचा बूट लॉग (सुरू होतानाच्या संदेशांची नोंद) कोणीच पाठवलेला नाही, तो बोर्ड कोडच्या मुख्य शाखेतून काढावा. मी प्रस्तावाच्या बाजूने मत देणार आहे. माझा स्वतःचा एक जुना बोर्डही अशा काढायच्या बोर्डांच्या यादीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोव्यात जुनी यंत्रे सांभाळून वापरणारे बरेच जण या मंडळावर आहेत, त्यामुळे मत देण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकावेसे वाटले.

#२ शुक्रवारचा बाजार (म्हापसा)

खांडेपारकाठबाब, आपला अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटलेला नाही. पडून राहिलेला कोड कोणाचे काय खातो? डिस्कवर काही किलोबाइट, इतकेच ना? आपण ज्याला ‘कोणी चालवत नाही’ म्हणता, तो बोर्ड कुठल्या तरी शाळेच्या कोपऱ्यात रोज चालत असतो. तो चालवणाऱ्या माणसाला बूट लॉग म्हणजे काय हेच ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी इंग्रजीत पत्रव्यवहार करून तो पाठवण्याची त्याची तयारी नसते. लॉग आला नाही म्हणून वापरणारा नाही, हे अनुमानच चुकीचे आहे.

दुसरे म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरकडे आपल्यासारखी माणसे वळली तीच मुळी कंपन्या दोन-तीन वर्षांत यंत्राला वाऱ्यावर सोडतात म्हणून. तेच काम आता आपले प्रकल्प करू लागले, तर त्या कंपन्यांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

#३ निवृत्त मास्तर (डिचोली)

शुक्रवारचा बाजार यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून मुलांच्या घरी आलेले संगणक मी पाहिले आहेत, आणि परदेशातून वापरलेले संगणक आणून गोव्यातल्या शाळांना देण्याचा आणि त्यांवर लिनक्स बसवण्याचा खटाटोपही पाहिला आहे. त्या काळी जुने यंत्र चालवणे हा छंद नव्हता, दुसरे यंत्र मिळतच नसे. मात्र एक कबूल करतो: त्यांतला एकही संगणक आज माझ्या माहितीत चालू नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, आणि आपली खारी हवा रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दातही खाते. खोडरबराने घासून किती वर्षे काढणार?

#४ खांडेपारकाठ (फोंडा)

‘पडून राहिलेला कोड काय खातो’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

कोड पडून राहत नाही, ही खरी अडचण आहे. त्याच्या भोवतालचे सगळे हलत असते आणि त्याला सोबत ओढत न्यावे लागते. संगणकाच्या बायोसच्या जागी बसणाऱ्या कोअरबूट या मुक्त फर्मवेअरचेच उदाहरण घ्या. १९९९ साली लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिनक्सबायोस या नावाने हा प्रकल्प सुरू झाला आणि २००८ साली त्याला आजचे नाव मिळाले. संगणक सुरू होतो त्या क्षणी रॅम अजून जागी झालेली नसते, म्हणून प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कॅश मेमरीलाच तात्पुरती रॅम समजून काम चालवावे लागते, आणि खरी रॅम तयार झाली की ही तात्पुरती सोय मोडून पुढे जावे लागते. ती मोडण्याची प्रत्येक जुन्या चिपसेटची (बोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचाची) रीत वेगळी होती, आणि काहींची तर अंगावर काटा यावा अशी होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ४.११ आवृत्तीच्या वेळी कोअरबूटने जाहीर केले की या कामासाठी आता एक स्वतंत्र टप्पा सर्वांना बंधनकारक राहील, त्याबरोबर आणखी दोन अटीही असतील, आणि जे चिपसेट त्या पाळणार नाहीत ते पुढच्या आवृत्तीत नसतील. जुन्या रीती सांभाळायच्या तर प्रत्येक नव्या बदलात त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवावी लागली असती, आणि ती वाट बरोबर आहे की नाही हे पाहायला हाताशी यंत्र नसते.

लिनक्स कर्नलमधून ८०३८६ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा आधार काढला गेला तोही असाच. २०१३ साली आलेल्या ३.८ आवृत्तीपासून तो नाही. त्या प्रोसेसरमध्ये कर्नल स्वतः लिहीत असताना, केवळ वाचनासाठी राखलेल्या मेमरीच्या पानांचे रक्षण होत नसे, शिवाय एका दमात तुलना करून अदलाबदल करणारी आज्ञाही त्यात नव्हती. या दोन उणिवांसाठी केलेल्या तडजोडी मेमरी व्यवस्थापनाच्या गाभ्यात पसरल्या होत्या, आणि तिथला प्रत्येक बदल करताना त्या ओलांडून जावे लागे. कोडच्या ओळी किती आहेत हे गौण आहे, त्या कुठे बसल्या आहेत ते पाहावे लागते.

आपला कंपन्यांशी तुलना करणारा मुद्दा मला लागला, तेव्हा त्याविषयीही लिहितो. कंपनी यंत्र सोडते तेव्हा कोड कुलपात राहतो. आपण बोर्ड काढला तरी जुनी शाखा आणि सगळा इतिहास कोणालाही घेता येतो. फरक आहे तो इथे. तो पुरेसा आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

#५ जुने फडताळ (काणकोण)

मग आसुसच्या केजीपीई-डी१६ चे काय? त्याच ४.११ नंतर तो काढला गेला, आणि तो काही कोपऱ्यात विसरलेला बोर्ड नव्हता. बंद ब्लॉबांशिवाय (कंपनी स्रोत न देता देते त्या फाइलींशिवाय) चालणारा सर्व्हर हवा असलेल्यांचा तो लाडका बोर्ड होता.

#६ वेर्णा-पाळी (मडगाव)

त्या बोर्डाची गोष्ट दोन्ही बाजूंना आपलीच वाटते, म्हणून ती नीट सांगायला हवी. तो काढला गेला त्याचे कारण वापरणारे नव्हते असे नाही. त्याचा कोड नव्या अटींत बसवण्याचे किचकट काम अंगावर घेणारे कोणी वेळेत पुढे आले नाही, हे कारण होते. वापरणारे असणे आणि सांभाळणारे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रकल्पाला दुसऱ्यावाचून चालत नाही. पुढे कोअरबूटवरच आधारलेल्या लिब्रेबूटने त्या बोर्डासाठी जुन्या शाखेचाच आधार घेतला, आणि दशारो या नावाखाली त्यावर पुन्हा काम सुरू झाले. म्हणजे वगळणे हा मृत्यू नव्हता, हे खांडेपारकाठबाब यांचे म्हणणे खरे ठरते.

पण ‘इतिहासात सगळे आहे, कोणीही परत आणू शकतो’ हे वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते. मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत एम्बेडेड बोर्डांवरच काम करते, म्हणून अनुभवाने सांगते. बोर्ड आज काढला आणि सहा महिन्यांनी परत आणायचा म्हटले, तर एखाद्या संध्याकाळचे काम असते. तीन वर्षांनी तेच काम महिन्याभराचे होते, कारण मधल्या काळात ड्रायव्हरांची नावे बदललेली असतात, कॉन्फिगरेशनची पद्धत बदललेली असते, आणि ज्या सामाईक फाइलवर तो बोर्ड उभा होता तीही ‘आता कोणी वापरत नाही’ म्हणून काढलेली असते. यू-बूट या मुक्त बूटलोडरमध्ये नव्या ड्रायव्हर मॉडेलकडे न वळलेले बोर्ड मुदत देऊन काढण्यात आले. मुदती आधीपासून जाहीर होत्या आणि पुष्कळदा वाढवूनही दिल्या होत्या, तेव्हा अन्याय झाला असे नाही. तरी मुदतीनंतर जागा झालेल्या माणसाला किती चढ चढावा लागतो, हे मुदत ठरवणाऱ्याला दिसत नाही.

तरीही माझे मत प्रस्तावाच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण फर्मवेअरच्या स्वभावात आहे. एखादा साधा प्रोग्राम बिघडला तर तो बंद पडतो आणि आपण जुनी आवृत्ती टाकतो. फर्मवेअर बिघडले तर जुनी आवृत्ती टाकण्याचे साधनच जाते. एम्युलेटरवर, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, तपासून घ्या, असे नवे लोक सुचवतात. एम्युलेटरची रॅम जन्मतःच तयार असते, आणि खऱ्या बोर्डावर फर्मवेअरचे निम्मे कष्ट रॅमची वेळ जुळवण्यात, कुठल्या पिनेला कोणता व्होल्टेज द्यायचा यात, आणि घड्याळे लावण्यात जातात. ते एम्युलेटरमध्ये नसतेच. कम्पाइल झाले याचा अर्थ व्याकरण बरोबर आहे, एवढाच. औषधाच्या चिठ्ठीतले शुद्धलेखन तपासून औषध बरोबर असल्याचे सांगण्यासारखे ते आहे.

#७ शुक्रवारचा बाजार (म्हापसा)

वेर्णाताई, आपले उत्तर वाचून माझा विरोध थोडा मऊ झाला, पण गेला नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांच्या मुक्त फर्मवेअरने ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या राउटरांना निरोप दिला तेव्हा म्हापशाच्या बाजारात असे राउटर ढिगाने पडले होते. ते तर सगळे तपासलेले होते, चालत होते! तिथे कोणती सबब होती?

#८ खांडेपारकाठ (फोंडा)

तिथले कारण वेगळे आहे, आणि दोन्ही एका माळेत ओवले की चर्चा भरकटते. ४/३२ चे राउटर कोणी तपासले नाहीत म्हणून गेले नाहीत. कर्नल वाढत गेला आणि फ्लॅशमध्ये मावेना, मावला तर रॅम पुरेना, असे झाले. २१.०२ आवृत्तीपासून ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम ही किमान अट झाली. पायलीच्या मापात दीड पायली मावत नाही, त्याला तपासणी काय करणार?

तपासणीचा प्रश्न त्याच प्रकल्पात दुसरीकडे आला, आणि तो आपल्या चर्चेला अधिक जवळचा आहे. एथेरॉस चिपच्या राउटरांसाठी एआर७१एक्सएक्स हे जुने टार्गेट (एका चिपकुळासाठीचा फर्मवेअरचा विभाग) होते, त्याच्या जागी डिव्हाइस ट्रीवर (बोर्डावर काय कुठे आहे ते सांगणाऱ्या फाइलीवर) आधारलेले एटीएच७९ आले. १९.०७ ही जुन्या टार्गेटची शेवटची आवृत्ती ठरली. जुन्या यादीतला बोर्ड नव्या टार्गेटमध्ये आपोआप आला नाही. ज्याच्या हाती ते यंत्र होते त्याने ती फाइल लिहायची, चालवून पाहायची आणि मग पाठवायची, अशी साधारण रीत होती. काही राउटर राहून गेले. पण जे आले त्यांच्यामागे निदान एक जिवंत माणूस होता.

#९ वेर्णा-पाळी (मडगाव)

एक पुरवणी. राउटरच्या खोक्यावरचे नाव वाचून ‘माझ्याकडे हाच बोर्ड आहे, चालतो’ असे कोणी कळवले, तर त्यावर जाऊ नये. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एन या एकाच नावाखाली नवव्या आवृत्तीत क्वालकॉम एथेरॉसची चिप आहे आणि तेराव्या आवृत्तीत मीडियाटेकची, म्हणजे आतले यंत्रच निराळे. पाठीवरच्या चिठ्ठीतला आवृत्तीचा अंक लॉगसोबत आलाच पाहिजे. आमच्याकडच्या दमट हवेत ती चिठ्ठी बहुधा आधी गळून पडते, ही गोष्ट वेगळी.

#१० निवृत्त मास्तर (डिचोली)

मला एक मधला मार्ग सुचतो. काढून टाकण्याऐवजी नावासमोर ‘अनाथ’ असे लिहून ठेवले तर? कर्नलमधल्या फ्लॉपीच्या ड्रायव्हरला २०१९ साली असेच अनाथ ठरवले होते असे स्मरते. चालत्या फ्लॉपी ड्राइव्हच मिळेनाशा झाल्या होत्या.

#११ खांडेपारकाठ (फोंडा)

मास्तर, स्मरण बरोबर आहे. पण तो ड्रायव्हर आजही उपयोगी आहे, कारण आभासी यंत्रांत आभासी फ्लॉपी असते आणि तिथे तो तपासताही येतो. आपल्या बोर्डांना तसा आभासी अवतार नाही.

तरी ‘अनाथ’ ही पायरी मला आवडली, आणि प्रस्तावात ती सुचवेन. मात्र ती पायरीच राहावी, कायमचा मुक्काम होऊ नये. अनाथ शिक्क्याचा बोर्ड इमेजच्या पानावर दिसतच राहिला, तर वाचनालयात बसलेला माणूस शिक्का वाचणार नाही, उतरवण्याचे बटणच दाबेल. मीही तेच केले असते. म्हणून माझे म्हणणे असे: एका आवृत्तीत लॉग आला नाही तर तयार इमेज देणे थांबवावे, कोड राहू द्यावा. पुढच्या आवृत्तीतही आला नाही तर कोड काढावा, आणि शेवटच्या चालत्या आवृत्तीचा क्रमांक यादीत ठळक ठेवावा. बोर्ड काढण्याचा पॅच एकटा असावा, दुसऱ्या साफसफाईत मिसळू नये, म्हणजे तो उलटवणे सोपे जाते. ज्या सामाईक फाइलवर तो उभा आहे ती आणखी एक आवृत्ती राहू द्यावी. वेर्णाताईंनी सांगितलेला चढ यामुळे थोडा तरी कमी होईल.

आणि शुक्रवारचा बाजार यांची पहिली तक्रार, की शाळेतला माणूस लॉग कसा पाठवणार, तिला माझ्याकडे उत्तर नाही. ती तक्रार खरी आहे.

#१२ वेर्णा-पाळी (मडगाव)

तिचे उत्तर आपणच व्हावे लागेल. ज्यांना जमते त्यांनी ज्यांना जमत नाही त्यांचे बोर्ड तपासावेत. कोअरबूटमध्ये लोकांनी पाठवलेले बूट लॉग एका वेगळ्या भांडारात जमा होतात आणि ते पाठवण्यासाठी तयार स्क्रिप्टही आहे. आपल्या छोट्या प्रकल्पाला तेवढे जमले नाही, तरी लॉग मराठीत लिहिलेल्या चार ओळींसह इथे टाकला तर पुढे नेण्याचे काम मी करीन.

तपासणाऱ्यांसाठी काही सूचना. फ्लॅश चिपवर प्रोग्रामरची (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाची) क्लिप लावून वाचत असाल तर मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का ते पाहावे. जुळल्या नाहीत तर क्लिप हललेली असते, तशा वेळी लिहायला मुळीच घेऊ नये. सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रामर पुष्कळांकडे असतो. त्याच्या काळ्या प्रकारात डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतो आणि चिप ३.३ व्होल्टची असते, तेव्हा तो दुरुस्त करून घ्यावा किंवा दुसरा वापरावा. सिरियलला फक्त ग्राउंड आणि दोन डेटाच्या तारा जोडाव्यात, वीज त्यातून देऊ नये. वेग बहुतेक बोर्डांवर ११५२०० असतो. लिहिण्याचे काम इन्व्हर्टरवर करावे. पावसात आपल्याकडची वीज कधी पाठ फिरवेल ते सांगता येत नाही.

#१३ जुने फडताळ (काणकोण)

लॉगमधली पासवर्ड आणि मॅक क्रमांकाची ओळ पुसून मगच टाकावी, हेही जोडा.

#१४ शुक्रवारचा बाजार (म्हापसा)

यादी पाहिली. तिच्यातले दोन बोर्ड माझ्या दुकानामागच्या खोलीत आहेत, आणि मी इतके दिवस ज्यांची बाजू मांडत होतो ते मी स्वतःही चालवून पाहिलेले नव्हते, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. रविवारी बसून दोन्ही उघडले.

पहिला सुरूच झाला नाही. सिरियलवर रॅमच्या टप्प्यापर्यंत अक्षरे येतात आणि पुढे काही नाही. जुन्या फर्मवेअरवरही तसेच होते, म्हणजे बोर्डच आजारी आहे. त्यावरून फर्मवेअरविषयी काहीच म्हणता येत नाही.

दुसरा सुरू झाला. वायफाय चालते, यूएसबी चालते, पण पाचपैकी दोन लॅन पोर्ट उलटसुलट झाले आहेत: पहिल्यात तार घातली की तिसऱ्याचा दिवा लागतो. जुन्या फर्मवेअरवर हे होत नाही. आता याची नोंद कशी करावी? ‘चालते’ म्हटले तर खोटे, ‘चालत नाही’ म्हटले तर बोर्ड यादीतून जाईल आणि त्याला निमित्त मीच होईन.

#१५ वेर्णा-पाळी (मडगाव)

भाऊ, ‘चालते, पहिल्या आणि तिसऱ्या पोर्टचे क्रमांक उलट’ असेच लिहा. लॉग आला म्हणजे नियमानुसार बोर्ड राहतो. स्विचच्या पोर्टांचा क्रम डिव्हाइस ट्रीमध्ये असतो, बहुधा दोन ओळींची दुरुस्ती असेल. मी पॅच करून देते, आपण तो चढवून पाहा. बोर्ड माझ्याकडे नाही, म्हणून आपण चालवून कळवल्याशिवाय मी तो पुढे पाठवणार नाही.

#१६ शुक्रवारचा बाजार (म्हापसा)

पॅच चढवला. तार पहिल्यात, दिवा पहिल्याचाच. लॉग सोबत जोडला आहे, पाठीवरचा आवृत्तीचा अंकही त्यात आहे, चिठ्ठी नशिबाने शाबूत होती. आजारी बोर्ड मास्तरांकडे पाठवू का? खोडरबराचा अनुभव त्यांना आहे.

#१७ निवृत्त मास्तर (डिचोली)

पाठवा. चवथ झाल्यावर बघतो.

#१८ खांडेपारकाठ (फोंडा)

शुक्रवारचा बाजार आणि वेर्णाताई, लॉग आणि पॅच दोन्ही मिळाले, तपासून पुढे घेतले आहेत. इमेज आधी थांबवायची आणि कोड नंतर काढायचा, ही दुरुस्ती प्रस्तावात स्वीकारली गेली आहे.

माझ्या स्वतःच्या जुन्या बोर्डाविषयी: तो काल रात्री काढून पाहिला. वीज देताच धुराचा वास आला आणि मी तार ओढली. त्याची फाइल काढून टाकण्याचा पॅच मीच पाठवला आहे, एकटा, दुसऱ्या कशात न मिसळता. तोच बोर्ड कोणाकडे चालू स्थितीत असेल तर चवथीच्या आधी इथे कळवावे, मी पॅच मागे घेईन. नाव आणि आवृत्तीचा अंक यादीच्या सातव्या ओळीत आहे.